मोठे ब्रेक किट बसवताना: मापे, क्रम आणि नेहमीच्या चुका

मूळपेक्षा मोठ्या डिस्कचे आणि मोठ्या कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) नवे ब्रेक किट बसवल्यावर पेडल स्पंजासारखे लागते, ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते किंवा चाक कॅलिपरवर चढतच नाही, अशा तक्रारी करणाऱ्या बहुतेकांनी बोल्ट व्यवस्थित आवळलेले असतात. त्यांची चूक एक तर पहिला बोल्ट सोडवण्याआधी, म्हणजे मापे घेताना झालेली असते, नाहीतर शेवटचा बोल्ट आवळल्यानंतर, म्हणजे हवा काढताना आणि पॅड सेट करताना. प्रत्यक्ष जोडणी हा या कामातला त्यामानाने सोपा भाग आहे. म्हणूनच पुढे तिच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

ज्याने यापूर्वी स्वतःच्या हाताने निदान साधे ब्रेक पॅड बदललेले नाहीत, त्याने या कामाने सुरुवात करू नये. गाडीत असा बदल करायला आपल्या भागातील वाहन नियमांची आणि विम्याच्या अटींची मुभा आहे का, हेही किट मागवण्याआधीच पाहून घ्यावे.

टप्पा १: किट खरोखर हवे आहे का, हे ठरवा

गाडी थांबवते ती टायरची पकड. आताच्या ब्रेकने जोरात दाबल्यावर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू होत असेल, तर टायरची पकड पुरती वापरली जात आहे असे समजावे. अशा गाडीला कितीही मोठा कॅलिपर लावला, तरी थंड ब्रेकने एकदाच थांबण्याचे अंतर फारसे कमी होणार नाही. मोठ्या किटचा खरा उपयोग उष्णता पेलण्यासाठी असतो.

हे आकड्यांत पाहू. १,५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. वेग निम्मा असेल तर ती चौथा हिस्साच, म्हणजे १४५ च्या आसपास असते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो असे धरू. पुढची प्रत्येक डिस्क ७ किलोची असेल आणि सगळी उष्णता तिच्यातच राहिली असे मानले, तर एका थांब्यात तिचे तापमान सुमारे ६० अंशांनी चढेल. १० किलोच्या डिस्कचे तेच तापमान सुमारे ४५ अंशांनी चढेल. एका थांब्यात हा फरक नगण्य आहे. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर लागोपाठ दहा-पंधरा वेळा ब्रेक लावल्यावर मात्र याच फरकामुळे एक गाडी थांबते आणि दुसरीचे पेडल तळाला जाते.

त्यामुळे तक्रार ‘ब्रेक नीट पकडत नाही’ एवढीच असेल, तर आधी चांगले टायर, ताजे ब्रेक ऑइल आणि चांगल्या दर्जाचे पॅड लावून पाहावे. अनेकांचे काम तेवढ्यावरच भागते. जोर तोच असूनही गरम झाल्यावर ब्रेक सैल पडत असतील, तरच पुढे वाचावे.

टप्पा २: मापे घ्या

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात आणि त्यांचे मूळ जवळजवळ नेहमी एकच असते: ‘१७ इंची चाकात बसते’ या विक्रेत्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास. १७ इंच हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास झाला. आतली जागा प्रत्येक चाकात निराळी असते आणि कॅलिपर अडतो तो बहुधा रिमच्या घेराला नाही, तर आऱ्यांच्या पाठीला.

चांगले उत्पादक किटसोबत कॅलिपरचा पूर्ण मापाचा कागदी नमुना देतात. तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा, चाक काढून पालथे ठेवावे आणि पुठ्ठा चाकाच्या मध्याशी टेकवून पूर्ण एक फेरा फिरवावा. आऱ्यांपासून आणि रिमच्या आतल्या भिंतीपासून सगळीकडे निदान ३ मिमी जागा सुटली पाहिजे. हे करताना रिमच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा, कारण बॅलन्सिंगची चिकटवलेली वजने तिथेच असतात. माझ्या एका चाकात पुठ्ठा सुरेख फिरला आणि प्रत्यक्ष जोडणीनंतर मात्र दर फेऱ्याला ‘टिक’ असा आवाज येऊ लागला. ५ मिमी जाडीचे एक वजन कॅलिपरच्या पाठीला घासत होते. पुठ्ठा फिरवताना मी चाकाचा नेमका तेवढाच भाग चुकवला होता.

स्टेपनी विसरू नका. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी चालू चाकांपेक्षा लहान असते आणि ती मोठ्या कॅलिपरवर चढत नाही. मग पुढचे चाक पंक्चर झाल्यास मागचे चाक काढून पुढे लावावे लागते आणि स्टेपनी मागे. हे रस्त्याच्या कडेला अंधारात समजण्यापेक्षा घरी समजलेले बरे.

आता पिस्टनचे गणित पाहू. ‘चार पिस्टन म्हणजे चौपट जोर’ हा समज चुकीचा आहे. सरकत्या कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो आणि पक्क्या कॅलिपरला दोन्ही बाजूंना, म्हणून तुलना करताना नेहमी एका बाजूच्या पिस्टनचेच क्षेत्रफळ मोजावे. समजा, मूळ कॅलिपरला ५७ मिमीचा एक पिस्टन आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,५५० चौरस मिमी येते. नव्या चार पिस्टनी कॅलिपरला प्रत्येक बाजूला ३६ आणि ४० मिमीचा एकेक पिस्टन आहे. त्यांची बेरीज सुमारे २,२७५ होते, म्हणजे मूळ कॅलिपरपेक्षा कमी! मात्र डिस्क २८० ऐवजी ३३० मिमीची असल्याने पॅडचा मध्य चाकाच्या केंद्रापासून सुमारे ११५ ऐवजी १४० मिमी दूर जातो. दोन्हींचा गुणाकार केला तर पुढच्या ब्रेकचा जोर जेमतेम ८ ते ९ टक्क्यांनी वाढलेला दिसतो.

हे किट वाईट नाही, उलट नीट विचार करून बनवलेले आहे. पुढचा जोर एकदम वाढला तर पुढची चाके लवकर जाम होऊ पाहतात, मागचे ब्रेक नुसते साक्षीला उरतात आणि एबीएस गरजेपेक्षा आधी मध्ये पडते. गाडी थांबायला मग पूर्वीपेक्षा जास्त अंतर लागू शकते. शिवाय पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले की ते भरायला जास्त ऑइल लागते आणि मूळ मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) तेवढे एका दाबात देऊ शकत नसेल, तर पेडल खोल जाते. फक्त पुढचे किट बसवायचे असल्यास जोरातला बदल १० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा माझा दंडक आहे. त्याहून जास्त हवा असेल तर मागचे ब्रेकही जुळवून घ्यावेत.

तपासा: विक्रेत्याकडून पिस्टनचे व्यास, डिस्कचा व्यास व जाडी आणि पॅडची उंची लेखी मागा. जो ही मापे देऊ शकत नाही, त्याचे किट घेऊ नका.

टप्पा ३: पॅड, डिस्क आणि ऑइल यांची निवड

पॅड वापरानुसार निवडावेत. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, डिस्क लवकर खातात आणि जोरात किंचाळतात. रोजच्या रस्त्यावर सकाळचा पहिला ब्रेक थंडच असतो, हे विसरू नये. पुष्कळ पॅडच्या कडेला छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील आणि दुसरे गरम झाल्यावरचे घर्षण दाखवते. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. वर काढलेले जोराचे गणित पॅडचे घर्षण तेच राहील असे गृहीत धरून केले आहे. फक्त पुढचे पॅड ‘एफएफ’वरून ‘जीजी’वर नेले, तर त्यानेच पुढचा-मागचा तोल ढळतो.

भोकांची डिस्क देखणी दिसते, पण सतत तापणाऱ्या गाडीत भोकांच्या कडांपासून तडे जातात. माझी पसंती साध्या किंवा खाचांच्या डिस्कला आहे.

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हे, आणि या यंत्रणेत कोणतेही खनिज तेल किंवा ग्रीस गेले तर रबरी सील फुगून निकामी होतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश असतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ही दोन्ही ऑइले हवेतील ओलावा शोषतात, त्यामुळे अर्धवट वापरून सहा महिने कपाटात ठेवलेला डबा या कामाला घेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जापेक्षा खालचे ऑइलही घालू नये.

इशारा: डॉट ५ आणि डॉट ५.१ या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. डॉट ५ सिलिकोनचे असते. ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत वापरू नये.

टप्पा ४: हत्यारे आणि जागा

सपाट, पक्की जमीन, चार मजबूत जॅक स्टँड (गॅरेजवाल्यांच्या भाषेत घोड्या), चाकांना लावायच्या पाचरी, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने आवळण्याचा पाना), पाइपच्या नटासाठी मिळणारा तोंडाशी चिरलेला रिंग पाना, वायर ब्रश, व्हर्निअर, डिस्कचा झोल मोजायला चुंबकी बैठकीचा डायल गेज, ब्रेक क्लीनर, पारदर्शक नळी आणि बाटली, नवे ऑइल किमान एक लिटर, रबरी टोप्या आणि भरपूर सुती फडकी जवळ ठेवावीत. डायल गेज सहसा कोणी घेत नाही. मित्राकडून मागून आणा, पण आणा.

किट उघडल्यावर सगळे सुटे भाग जमिनीवर डावे आणि उजवे असे वेगळे मांडावेत आणि पत्रकातील यादीशी ताडून पाहावेत. गाडीचे ब्रेक अर्धवट उघडे पडल्यावर तांब्याचे दोन वॉशर कमी असल्याचे लक्षात येणे फार महागात पडते. पत्रकातले टॉर्कचे आकडे एका मोठ्या कागदावर लिहून समोरच्या भिंतीला चिकटवावेत. काळे हात घेऊन पाने उलटायला कोणी तयार नसते आणि मग अंदाजपंचे आवळणे सुरू होते.

टप्पा ५: जुने ब्रेक उतरवणे

१. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करावेत. मग गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवावी आणि कडेने ढकलून ती हलत नाही याची खात्री करावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये.

२. ब्रेकवरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसावी.

३. एका चाकाचे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या चाकाला हात लावू नये. पाइप कुठून वळत गेला आहे किंवा एबीएसची वायर कोणत्या कड्यात अडकवली होती, अशी शंका आली की दुसरी बाजू पाहून ती फिटते. उतरवण्याआधी फोटोही काढून ठेवावेत.

४. जुना कॅलिपर होजला (ऑइलच्या लवचिक नळीला) लोंबकळू देऊ नये. तारेने स्प्रिंगला टांगून ठेवावा.

५. मागचे ब्रेक बदलायचे असतील आणि पार्किंग ब्रेक विजेवर चालणारा असेल, तर आधी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने) तो सर्व्हिस स्थितीत घ्यावा. मागचे पिस्टन जबरदस्तीने ढकलल्यास मोटर मोडते.

६. डिस्कच्या मागचा पत्रा मोठ्या डिस्कला आड येत असेल, तर शक्यतो पूर्ण काढावा. वाकवलेला पत्रा पुढे केव्हातरी डिस्कला घासतोच.

नकलचा (कॅलिपर ज्याला बोल्टने जोडला जातो त्या भागाचा) कान कापायला किंवा नवी भोके पाडायला सांगणारे किट असेल, तर इथेच थांबून पुन्हा विचार करावा. कापलेला कान परत जोडता येत नाही आणि मूळ ब्रेककडे परतण्याची वाट कायमची बंद होते.

टप्पा ६: हब आणि डिस्क

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो. जुनी डिस्क निघाल्यावर हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाच्या) पृष्ठभागावर, विशेषतः चाकाच्या स्टडच्या मुळांशी, गंजाची वर्तुळे दिसतात. ती नखाला जाणवतही नाहीत. पण हबवरची ०.०३ मिमीची गाठ डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत वाढत जाते आणि तिथे डिस्क दुपटीने डुलते. असे डुलणे पहिल्या दिवशी कळतही नाही. डिस्क दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला हलकेच शिवत राहते, तिची जाडी कमी-जास्त होते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागते. मग ‘डिस्क वाकली’ म्हणून डिस्कच्या नावाने बोटे मोडली जातात.

हब वायर ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत साफ करावा आणि क्लीनरने पुसावा. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून लावलेले तेलही क्लीनरने पूर्ण काढावे, कोरड्या फडक्याने पुसणे पुरत नाही.

आता डिस्कची दिशा. हवा खेळण्यासाठी आतल्या पट्ट्या वक्र असतील, तर डावी आणि उजवी डिस्क वेगवेगळी असते. डिस्कच्या वरच्या भागात या पट्ट्या मध्यापासून कडेकडे जाताना गाडीच्या मागच्या बाजूला झुकलेल्या असल्या पाहिजेत. बाहेरच्या खाचांवरून दिशा ठरवू नये, ती आतल्या पट्ट्यांवरूनच ठरते.

डिस्क बसवून चाकाचे सगळे नट वॉशरसह पुरेसे आवळावेत. डायल गेजची सुई डिस्कच्या कडेपासून सुमारे १० मिमी आत टेकवून डिस्क हाताने एक फेरा फिरवावी.

तपासा: सुईचा एकूण झोल ०.०५ मिमीपेक्षा जास्त नसावा, किंवा पत्रकात याहून कडक मर्यादा असेल तर तीच पाळावी. जास्त आल्यास डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजावे. बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भोकाला माप जमते. एकाही जागी जमले नाही तर हब किंवा बेअरिंग तपासावे.

टप्पा ७: ब्रॅकेट आणि कॅलिपर

ब्रॅकेट (नकल आणि कॅलिपर यांमधला जोडभाग) नकलवर बसवण्याआधी त्याच्या टेकण्याच्या जागेवरचा रंग आणि गंज खरवडून काढावा. बोल्ट पत्रकातील टॉर्कनेच आवळावेत. ज्या बोल्टवर आटे पक्के करणारा द्रव सांगितला आहे तिथेच तो लावावा आणि जिथे आटे कोरडे ठेवायला सांगितले आहेत तिथे तेलाचा थेंबही नसावा, कारण तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. पॅड न घालता कॅलिपर बसवून डिस्क आणि कॅलिपरच्या आतल्या भिंती यांमधले अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. समजा, बाहेर ३.८ मिमी आणि आत २.६ मिमी आले. फरक १.२, त्याचा निम्मा ०.६. म्हणजे पातळ पत्र्या घालून कॅलिपर ०.६ मिमी आत सरकवायला हवा. त्यानंतर पॅड घालून त्याची वरची कड डिस्कच्या बाहेर डोकावत नाही ना, हे पाहावे. डोकावत असेल तर तेवढी पट्टी झिजायची राहते आणि पुढे पॅड तिथे अडतो.

हवा काढण्याचे निपल नेहमी कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला असले पाहिजेत. हे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे. माझ्या पहिल्या किटचे दोन्ही कॅलिपर दिसायला एकसारखे होते. मी ते डावे-उजवे उलटे लावले आणि एक अख्खी संध्याकाळ, जवळजवळ दीड लिटर ऑइल खर्चून, न निघणारी हवा काढत बसलो. निपल खाली होते आणि हवा वरच्या पोकळीत आरामात बसून होती. असमान पिस्टनच्या कॅलिपरमध्ये आणखी एक खूण असते. फिरती डिस्क पॅडमध्ये जिथून शिरते, तिथे लहान पिस्टन असतो आणि जिथून बाहेर पडते, तिथे मोठा.

इशारा: या क्षणी चाक एकदा चढवून दोन नटांवर आवळा आणि हाताने पूर्ण फिरवून पाहा. ते अडत असेल, तर ऑइल सांडण्याआधी कळलेले चांगले.

टप्पा ८: होज

जुना होज सोडण्याआधी पेडल एखाद्या दांडीने किंचित दाबून ठेवले, तर मास्टर सिलिंडरची वाट बंद राहते आणि टाकीतले सगळे ऑइल खाली गळत नाही. ब्रेकचा मागचा दिवा तेवढा वेळ पेटलेला राहील, त्यामुळे बॅटरीची तार काढून ठेवावी. पाइपचा नट चिरलेल्या रिंग पान्यानेच सोडवावा. साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि मग पूर्ण पाइप बदलण्याची पाळी येते. उघडे तोंड लगेच रबरी टोपीने झाकावे. ऑइल रंगाला लागले तर रंग उठतो, म्हणून सांडताच भरपूर पाण्याने धुवावे.

कॅलिपरच्या तोंडाशी असलेला बोल्ट आतून पोकळ असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालावेत. जुने वॉशर एकदा दबलेले असल्याने पुन्हा गळती रोखत नाहीत. हा बोल्ट पोकळ असल्यामुळे ‘थोडा आणखी’ आवळला की तुटतो, तेव्हा इथेही टॉर्क रेंच वापरावा.

तपासा: चाक लावून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. होज कुठेही ताणला, पिळला किंवा टायरला शिवला जाता कामा नये. जॅक स्टँडवर सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबलेले असते, म्हणून खालच्या कंट्रोल आर्मखाली जॅक लावून ते वर दाबावे आणि पुन्हा तसेच फिरवून पाहावे.

टप्पा ९: हवा काढणे

दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. आधी पेडलला लावलेली दांडी काढावी. टाकी काठोकाठ भरून सुरुवात करावी आणि दर पाच-सहा दाबांनंतर तिच्याकडे पाहावे, कारण टाकी एकदा रिकामी झाली की आतापर्यंतचे श्रम वाया जातात. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. ‘सर्वांत लांबच्या चाकापासून’ हा नियम पुष्कळ गाड्यांना लागू पडतो, पण सगळ्यांना नाही. पक्क्या कॅलिपरला आतला आणि बाहेरचा असे दोन निपल असतात आणि दोन्हींतून हवा काढावी लागते. आतला दिसत नाही म्हणून तो हमखास विसरला जातो.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. चाकापाशी असलेल्याने ‘दाब’ म्हणावे, पेडलवरच्याने हळू दाबून ‘दाबले’ असे उत्तर द्यावे. मग निपल पाव फेरा उघडावा, पेडल खाली जाऊ द्यावे, निपल बंद करावा आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणावे. निपल उघडा असताना पेडल सुटले तर हवा परत आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे पेडल तळापर्यंत जाणार नाही. मास्टर सिलिंडरचा तो भाग वर्षानुवर्षे न वापरलेला असतो आणि तिथल्या खरखरीने सील फाटतात.

बुडबुडे थांबल्यासारखे वाटले की कॅलिपरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकावे. जवळजवळ नेहमी आणखी दोन-तीन बुडबुडे बाहेर येतात. इतके करूनही पेडल कडक होत नसेल आणि मध्ये कधी टाकी रिकामी झाली असेल, तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली असू शकते. ती काढण्यासाठी त्या गाडीला चालणारा स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो.

टप्पा १०: चाके हलण्याआधीची तपासणी

बॅटरीची तार पुन्हा जोडून इंजिन सुरू करावे. त्या क्षणी दाबून धरलेले पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करत आहे. मग पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून ठेवावे. ते हळूहळू खचत असेल तर कुठेतरी गळती आहे. दुसऱ्या माणसाने याच वेळी टॉर्च घेऊन प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा.

चाकांचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतील टॉर्कला आवळावेत.

इशारा: पॅड किंवा पिस्टन पुन्हा काढून बसवल्यानंतर दर वेळी, गाडी गिअरमध्ये टाकण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे असतात, त्यामुळे पहिला दाब थेट तळाला जातो आणि गाडी भिंतीवर जाते.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने आणि एक हात पार्किंग ब्रेकजवळ ठेवून करावी. विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असेल, तर त्याचे बटण कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे.

टप्पा ११: पॅड सेट करणे

नवा पॅड आणि नवी डिस्क यांची घडी बसण्यासाठी पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, सगळीकडे सारखा थर डिस्कवर चढावा लागतो. तो असमान चढला तर ब्रेक थरथरतात, आणि तो असमान चढण्याचे मुख्य कारण म्हणजे गरम ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवणे.

पॅडसोबत आलेल्या सूचना असतील तर त्याच पाळाव्यात. नसतील तर निर्मनुष्य, सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नसताना आधी ताशी ५० वरून २० पर्यंत हलक्या पायाने पाच-सहा वेळा वेग उतरवावा. मग ताशी ९० ते १०० वरून २० पर्यंत, एबीएस सुरू होणार नाही इतक्या पण ठाम जोराने, सलग आठ ते दहा वेळा. मध्ये कुठेही पूर्ण थांबू नये. शेवटच्या दोन-तीन वेळांत जळका वास येईल, थोडा धूरही दिसेल. ते अपेक्षित आहे. पेडल लांब जाऊ लागले किंवा ब्रेकचा जोर घटला तर मात्र लगेच आवरते घ्यावे.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे ब्रेक शक्यतो न लावता गाडी चालवत राहावी. घरी येऊन उभी करताना पार्किंग ब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, चाकांना पाचर लावावी.

टप्पा १२: पहिले काही दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी, ब्रेक पूर्ण थंड असताना, टाकीची पातळी पाहावी आणि चारही चाकांमागे ओल आहे का ते जमिनीवर वाकून पाहावे. डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक दिसली पाहिजे. पट्टे किंवा पॅडच्या आकाराचा ठसा दिसला, तर पॅड सेट करण्याची क्रिया एकदा पुन्हा करावी. सुमारे १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट थंड असताना पुन्हा टॉर्कला तपासावेत आणि चाके काढून कॅलिपर व ब्रॅकेटचे बोल्टही पाहावेत. आटे पक्के करणाऱ्या द्रवावर बसलेला बोल्ट फिरवून पाहू नये, कारण त्याचा सुकलेला थर तुटतो. जोडणीच्या दिवशीच प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट काढून, आटे साफ करून, नवा द्रव लावून पुन्हा टॉर्कला बसवावा.